आम्ही फक्त सल्ला देतो!



मागच्या तालुका बैठकीत मी बोललो, तेव्हा काही जण म्हणाले, "हे सगळं पत्रिकेत लिहून काढ. पाड्यावर वाचून दाखवता येईल." म्हणून लिहितोय. मला भाषणासारखं लिहिता येत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या हातानं केलं, तेवढंच लिहितो. त्यात माझी चूकही आहे. ती लपवली तर बाकीचं तुम्ही खरं कशाला मानाल?

मी आपल्यातलाच. आश्रमशाळेत दहावी झालो, मग आयटीआयला सर्वेअरचा ट्रेड केला. त्याच्या जोरावर मुंबईत शिवडीला एका मोठ्या बांधकाम कन्सल्टन्सी कंपनीत चिकटलो आणि चार वर्षं काढली. कंपनीचं नाव देत नाही. भीतीपोटी नाही. नाव दिलं तर तुम्हाला वाटेल की ती एक कंपनी वाईट, बाकीच्या बऱ्या. तसं नाही. धंद्याची पद्धतच तशी आहे, आणि ती पद्धत आपल्याला कळली पाहिजे.

शिवडीची खिडकी

शिवडी हे हार्बर लाइनवरचं स्टेशन. एका अंगाला जुन्या चाळी आणि बंद गिरण्यांच्या जागा, दुसऱ्या अंगाला पोर्ट ट्रस्टची गोदामं, किल्ला आणि खाडी. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बसत गेली आणि गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उठल्या. अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. खिडकीतून खाडी दिसायची. थंडी लागली की चिखलात हजारो गुलाबी फ्लेमिंगो उतरायचे. आणि त्याच चिखलातून एका पुलाचे खांब वर येत होते.

तो शिवडी–न्हावा शेवा पूल. आता त्याला अटल सेतू म्हणतात. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं. सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये होता. मोटरसायकल आणि रिक्षाला त्यावर बंदी. आमच्या कंपनीचं त्या पुलावर काम नव्हतं. पण तो रोज समोर दिसायचा, म्हणून साहेब लोक नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून धंदा शिकवायचे.

"हा पूल कुणी बांधला?" साहेब विचारायचे. आम्ही ठेकेदारांची नावं घ्यायचो. साहेब हसायचे. म्हणायचे, "हा पूल १९६३ सालीच बांधून झालाय. कागदावर."

ते खरं आहे. १९६२ साली विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकेतल्या सल्लागार कंपनीला मुंबईच्या रस्त्यांचा अभ्यास करायला नेमलं होतं. तिनं दीड वर्ष अभ्यास करून डिसेंबर १९६३ मध्ये अहवाल दिला. त्यात मुंबईतून खाडी ओलांडून उरणकडे पूल बांधावा अशी सूचना होती. पुढे साठ वर्षं गेली. सरकारं आली, गेली. नवे सल्लागार नेमले, नवे अहवाल झाले, शेवटी जपानच्या जायका संस्थेचं कर्ज मिळालं. माणसं बदलली, पण कागदावरची ती सूचना मेली नाही.

भावांनो, हे पहिलं ध्यानात ठेवा. आपल्याला वाटतं प्रकल्प आला म्हणजे बुलडोझर आला. नाही. बुलडोझर सगळ्यात शेवटी येतो. प्रकल्प येतो तो कुणीतरी लांबच्या खोलीत बसून नकाशावर रेघ ओढतो तेव्हा. ती रेघ ओढणाऱ्यांच्या खोलीत मी चार वर्षं बसलोय.

कन्सल्टन्सी म्हणजे काय?

सरकारला रस्ता करायचाय, धरण करायचंय, पाइपलाइन टाकायचीय. पूर्वी बांधकाम खात्याचे, पाटबंधाऱ्याचे इंजिनीअर स्वतः मोजायचे, स्वतः आखायचे. आता खात्यात माणसंच कमी ठेवलीत. म्हणून टेंडर काढून सल्लागार नेमतात. हा प्रकल्प परवडेल का, हे सल्लागार सांगतो. रेघ कुठून न्यायची, हे तोच सांगतो. सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तो लिहितो. झाडं किती जातील, पाणी किती नासेल, माणसं किती उठतील, हेही कुठलातरी सल्लागारच लिहितो. पुढे ठेकेदारावर देखरेख करणारा, तोही सल्लागार.

आता पैशाचं बघा. सल्लागाराला पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. सुरुवातीचा अहवाल दिला की थोडे, कच्चा अहवाल दिला की थोडे, पक्का अहवाल मंजूर झाला की उरलेले. मंजूर कोण करतं? ज्याला प्रकल्प हवाय तोच. पर्यावरणाच्या अहवालाचंही तसंच. २००६ च्या अधिसूचनेनुसार तो अहवाल प्रकल्पवाल्यानंच सादर करायचा असतो, म्हणजे सल्लागाराला नेमणारा तो आणि पैसे देणाराही तोच. पंचनामा करायला गेलेल्या तलाठ्याचा पगार शेजारच्या बांध कोरणाऱ्यानं द्यायचा, तसं हे झालं. मग त्यात बांध कोरला असं लिहिलेलं कधी सापडेल का?

कोणी साहेब आम्हाला "खोटं लिहा" असं म्हणायचा नाही. मी चार वर्षांत हे वाक्य एकदाही ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

आमचा दिवस

खरं तेही सांगतो. नोकरी मला आवडायची. पगार एकोणीस हजार, वेळेवर खात्यात. एसी ऑफिस. टोटल स्टेशन येत होतं, तिथे जीपीएस आणि ड्रोन शिकलो. जिथे आपल्याला फॉरेस्ट गार्डसुद्धा "ए" म्हणून हाक मारतो, तिथे मला शिपाई "सर" म्हणायचा. शिवडीला एका चाळीत आम्ही पाच पोरं एका खोलीत राहायचो. घरी दर महिन्याला सात-आठ हजार पाठवायचो. बहिणीचं लग्न त्यातूनच झालं.

पण मोठी कंपनी म्हणजे सगळे कंपनीचे नसतात. आमच्यातले निम्मे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर. काम कंपनीचं, साहेब कंपनीचे, पण काढून टाकायचं तर एजन्सी फोन करणार. म्हणून वर तोंड करून कोणी बोलत नसे. अहवाल द्यायची तारीख जवळ आली की रात्री अकरा-बारापर्यंत बसायचं. शेवटची लोकल गेली तर टेबलावर डोकं ठेवून झोपायचं.

रोज टाइमशीट भरायची. आज किती तास कुठल्या प्रकल्पाचं काम केलं, ते त्यात लिहायचं. मोजणीला रकाना होता, नकाशाला रकाना होता, मीटिंगला होता, प्रवासाला होता. गावात बसून म्हाताऱ्या माणसाचं ऐकायला रकाना नव्हता. जे टाइमशीटमध्ये बसत नाही ते काम नाही, आणि जे काम नाही ते अहवालात येत नाही. हे सगळं ज्यानं ठरवलं तो कधी जंगलात आला नसेल. यायची गरजही नव्हती.

निरंक

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका रस्त्याच्या कामासाठी आम्हाला डोंगरातल्या गावांतून पाठवलं. चाळीस किलोमीटरची रेघ, तीन दिवस. त्यातली एक दुपार एका पाड्यावर गेली. एकतीस घरं. कुडाच्या भिंती, काहींवर गवत, काहींवर कौलं. एका म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं. आम्ही मोजणी करतोय म्हटल्यावर ती काठी टेकत टेकत आमच्याबरोबर निघाली. झरा दाखवला. म्हणाली, "भाऊ, हा मे महिन्यातबी आटत नाही, लिहून घे." वाघोबाचा दगड दाखवला. मोहाची झाडं एकेक करून दाखवली, कुठलं कुणाच्या घराकडे वेचायला आहे तेही सांगितलं. राबासाठी टाहाळ कुठून आणतात ते सांगितलं. पावसाच्या तोंडावर शेवळी कुठे उगवतात ती जागा दाखवली. मी सगळं वहीत लिहिलं. तिनं दोनदा विचारलं, "लिहिलंस ना?" मी म्हणालो, "लिहिलं, आजी."

तीन महिन्यांनी पक्का अहवाल छापून आला. तीनशेवर पानं, गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे. मी त्या पाड्याचं पान उघडलं. तक्त्यात लिहिलं होतं:

वस्ती – निरंक. धार्मिक स्थळ – निरंक. पाण्याचे स्रोत – निरंक. जमिनीचा प्रकार – झुडपी, पडीक.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. "पाडा महसुली गाव नाही. रेकॉर्डला ते फॉरेस्टचं कंपार्टमेंट आहे. सॅटेलाइट फोटोत तिथे घरं ओळखू येत नाहीत. घरोघर फिरून सर्वे करणं आपल्या कामात धरलेलं नाही. पुढच्या टप्प्यात दुसरी एजन्सी ते करेल. आणि हे बघ, आपण फक्त सल्ला देतो. निर्णय सरकार घेतं."

पुढच्या टप्प्यात दुसरी एजन्सी आली. तिनं काय केलं? आमचा अहवाल उघडला, आमचा तक्ता उचलला, आपल्या अहवालात चिकटवला. निरंकाचं निरंक राहिलं. पुढे एका मीटिंगला मी नकाशे धरायला गेलो होतो. तिथे सरकारी अधिकारी कुणाला तरी सांगत होते, "आम्ही काय करणार? सल्लागारांनी अभ्यास करून दिलंय."

बघा कसं आहे. सल्लागार म्हणतो, निर्णय सरकारचा. सरकार म्हणतं, अभ्यास सल्लागाराचा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि मधे एकतीस घरं, एक झरा, एक वाघोबा आणि एक म्हातारी गायब झाली. कुणीही खून केला नाही. फक्त एका रकान्यात एक शब्द टाइप केला.

साहेब वाईट माणूस नव्हता. मला इंग्रजीच्या क्लासची फी त्यानंच दिली होती. हेच तर मला तुम्हाला सांगायचंय. वाईट माणूस शोधत बसू नका. ही चांगल्या माणसांकडून वाईट काम करून घ्यायची पद्धत आहे.

पक्ष्यांची वही

आता खिडकीकडे परत चला. शिवडीच्या पुलाचं काम सुरू झालं तेव्हा फ्लेमिंगोंचं काय होणार यावर मोठी चर्चा झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना पक्ष्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं गेलं. पुलाच्या शिवडीकडच्या भागाला आवाज अडवणाऱ्या भिंती लावल्या. मला आधी राग यायचा. पक्ष्यांची एवढी काळजी, आणि आमच्या पाड्याचं निरंक?

मग विचार केला. पक्ष्यांवर रागावून काय उपयोग? ते बिचारे आपल्यासारखेच, चिखलात पोट भरणारे. प्रश्न असा विचारायला पाहिजे की पक्ष्यांना निरंक का करता आलं नाही? कारण पुलाच्या कितीतरी आधीपासून शिवडीच्या चिखलावर उभे राहून पक्षी मोजणारी माणसं होती. कुठल्या महिन्यात येतात, कुठे बसतात, काय खातात, याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. सल्लागारानं "निरंक" लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी वही पुढे टाकली असती. खाडीतले मच्छीमारही गप्प बसले नाहीत. आमची जाळी कुठे लागतात, किती होड्या आहेत, किती घरं त्यावर जगतात, हे सांगत भांडले. तेव्हा कुठे त्यांच्या भरपाईचा विषय कागदावर आला.

पक्ष्यांची वही होती. त्या पाड्याची वही नव्हती. म्हातारीच्या डोक्यात सगळी वही होती, पण ती माझ्या खिशात गेली आणि माझ्या खिशातच राहिली.

"तज्ज्ञांचं काम तज्ज्ञांना करू द्या"

आपल्यातले शिकलेले काही जण म्हणतात, अहवाल तांत्रिक असतात, आपल्याला त्यातलं काय कळणार? त्यांना एक गोष्ट सांगतो. आपल्याच महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी पर्यावरणाचा अहवाल झाला होता. त्यात जंगलाचं वर्णन करताना स्प्रूस आणि बर्च ही झाडं आली. ही बर्फाच्या मुलखातली झाडं. कोकणात कुणी बघितलीयत? तो मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला निघाला. ही चूक ओळखायला तज्ज्ञ लागतो का? करवंदं वेचणारी कुठलीही पोर सांगेल की आमच्या रानात हे झाड नाही. पण तिला ते पान कुणी वाचून दाखवलं असतं तर!

दुसरे म्हणतात, अहवाल लिहिणारे सगळे विकलेलेच. तेही खरं नाही. सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेनं कर्ज दिलं होतं. लोकांच्या लढ्यामुळे १९९१ साली बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. ती खोऱ्यात फिरली, लोकांचं ऐकलं, आणि जून १९९२ मध्ये बँकेलाच तोंडावर सांगितलं की आहे त्या परिस्थितीत या लोकांचं नीट पुनर्वसन होऊ शकत नाही. मार्च १९९३ ला बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. धरण पुढे झालं, आपले नंदुरबारचे भाऊबंद बुडाले, ते दुःख आहेच. पण अहवालात खरं लिहिता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. मोर्स समितीला खरं लिहिता आलं, कारण तिचे पैसे धरण व्हावं की न व्हावं याच्यावर अवलंबून नव्हते आणि तिच्यासमोर लोक आपली माहिती घेऊन उभे होते.

म्हणून "आम्ही फक्त सल्ला देतो" हे वाक्य मी मान्य करत नाही. वैद्यानं नाडी न बघता औषध सांगितलं आणि रोगी मेला, तर "मी फक्त सांगितलं, औषध त्यानं घेतलं" असं चालतं का? सल्ल्याचे पैसे घेता, तर सल्ल्याची जबाबदारीही घ्या. आणि मीही त्यातला एक आहे.

माझी चूक

कारण त्या निरंकनंतर मी नोकरी सोडली नाही. अजून चौदा महिने केली. पगार येत होता. मी स्वतःला साहेबांचंच वाक्य सांगत होतो. माझं काम फक्त मोजायचं, लिहिणारे वेगळे.

मग एका सकाळी नवीन कामाचे नकाशे माझ्या टेबलावर आले. आपल्या तालुक्यातले. रेघ बघत बघत बोट पुढे नेलं आणि थांबलं. ओढा ओळखीचा, टेकडी ओळखीची. तिथे माझ्या आत्याचा पाडा आहे. लहानपणी दर मे महिना मी तिथे काढलाय. नकाशावर त्या जागी फिकट पिवळा रंग होता. रंगाचा अर्थ शेजारी लिहिला होता: झुडपी, पडीक.

त्या दिवशी म्हातारीचा आवाज आठवला. "लिहिलंस ना?"

मी नकाशावर लाल पेनानं पाड्याचं नाव लिहिलं, घरं लिहिली, आणि वर चिठ्ठी जोडली की इथे वस्ती आहे, मी स्वतः पाहिलीय. चिठ्ठीला उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी एजन्सीचा फोन आला की करार पुढे वाढवणार नाही. कारण विचारलं तर, "काम कमी आहे." मी काही हुतात्मा नाही. करार वाढवला असता तर मी राहिलो असतो की नाही, हे मलाच माहीत नाही. पण सुटलो ते बरं झालं.

घरी आल्यावर आत्याकडे गेलो. सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरा, तू तिथे होतास तेव्हा तुला दिसलं. आता तिथे कोण आहे?"

कागदानं काय होतं?

बैठकीत एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "कागदाच्या नादी लागू नका. मोर्चा काढा, अडवा. कागद सरकारचा असतो." त्यांनी आयुष्यभर लाठ्या खाल्ल्यात. त्यांच्या अनुभवापुढे मी लहान आहे. मोर्चा पाहिजेच. पण दादा, मोर्चा निघेपर्यंत रेघ पक्की झालेली असते, पैसे मंजूर झालेले असतात. आणि आपण अडवायला गेलो की ते अहवाल काढून दाखवतात: इथे तर कुणी राहतच नाही, हे लोक बाहेरून आणलेत! तेव्हा आपल्या हातात काय असतं?

ओडिशातल्या नियमगिरीचं बघा. डोंगरिया कोंधांचा डोंगर बॉक्साइटसाठी फोडायचा होता. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांचे धार्मिक आणि सामूहिक हक्क काय आहेत ते ग्रामसभांनीच ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा "नाही" म्हणाल्या. डोंगर वाचला. लोक लढत होते म्हणून ग्रामसभा झाल्या, आणि ग्रामसभेत देव, झरे, रान याचं बोलणं नोंदलं गेलं म्हणून तो लढा कागदावर टिकला. लढा आणि वही, दोन्ही पाय लागतात. एका पायावर डोंगर चढता येत नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यावर आज किती रेघा आहेत ते मोजा. बुलेट ट्रेन, बडोदा–मुंबई महामार्ग, वाढवण बंदर आणि त्याला जोडणारे रस्ते. प्रत्येक रेघेमागे कुठेतरी एक काचेची इमारत आहे आणि तिच्यात एक तक्ता आहे. त्या तक्त्यात आपल्या पाड्यासमोर काय लिहिलंय?

मग करायचं काय?

पहिलं, पाड्याची वही करा. रेघ यायच्या आधी करा. घरं, माणसं, विहिरी, झरे, गावदेव, वाघोबा, स्मशान, मोहाची झाडं, शेवळी-कंदाच्या जागा, राबाचं रान, गुरांच्या वाटा. कुठल्या महिन्यात काय मिळतं तेही लिहा. पोरांच्या मोबाइलमध्ये जागेचे आकडे मिळतात, ते शेजारी टाका. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन फिरा, कारण अर्धी वही त्यांच्या डोक्यात आहे. मग ग्रामसभेत वाचा, ठराव करा, तहसीलदार आणि प्रांताला प्रत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दुसरं, वनहक्काचे दावे. २००६ च्या कायद्यानुसार व्यक्तिगत आणि सामूहिक दोन्ही. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, कलम ४(५) तसं सांगतं. २०१३ साली केंद्रानं एक परिपत्रक काढून रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा लांब रेघांच्या प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. पण आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तर ही सूट नाही, असंही त्यातच म्हटलंय. आपले कातकरी त्यात येतात. शब्द नीट ऐका: "मान्य झालेले हक्क". दावा धूळ खात पडला असेल तर हा आधार मिळत नाही. म्हणून दावे रेटा, अपील करा.

तिसरं, सर्वेअर आला तर त्याला मारू नका, शिव्या देऊ नका. तो एकोणीस हजारांवरचा कुणाचा तरी पोरगा आहे. पाणी द्या. पण आधी पत्र मागा. कुणाच्या आदेशानं, कुठल्या प्रकल्पासाठी, कुठल्या कंपनीकडून? नकाशा बघा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. पाड्याची दोन माणसं त्याच्याबरोबर फिरवा, आणि त्यानं काय पाहिलं ते आपल्या वहीत लिहून त्याची सही घ्या. माझ्याकडून त्या म्हातारीनं सही घेतली असती, तर आज तो कागद तिच्याकडे असता.

चौथं, कोऱ्या हजेरीवर सही-अंगठा नाही. "चहापाण्याची यादी आहे" म्हणून घेतलेल्या सह्या अहवालात "लोकांशी सल्लामसलत झाली" म्हणून छापतात. मी छापताना पाहिलंय. सही करायचीच तर वर स्वतःच्या हातानं लिहा: "माहिती ऐकली. संमती दिलेली नाही."

पाचवं, जनसुनावणी. ज्या प्रकल्पांना ती लागू आहे तिथे किमान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. कच्चा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. अहवाल जाडा बघून घाबरू नका. थेट तक्ते उघडा, आपलं गाव शोधा, आणि "निरंक" हा शब्द शोधा. जिथे निरंक आहे तिथे आपली वही ठेवा. खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर मंजुरीचा अर्ज फेटाळता येतो, हे २००६ च्या अधिसूचनेतच लिहिलंय. हरकत तोंडी सांगा आणि लेखीही द्या. पोच घ्या.

सहावं, माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. सल्लागाराला नेमतानाचा करार मागा. त्याच्या कामात काय धरलंय, काय धरलेलं नाही, पैसे कुठल्या टप्प्याला, हे सगळं त्यात असतं. "घरोघर सर्वे आमच्या कामात नाही" असं तिथे लिहिलं असेल, तर तोच कागद सुनावणीत वाचून दाखवा.

पोरांनो, तुमच्यासाठी

शेवटी मुंबई, ठाणे, पुण्याला अशा कंपन्यांत कामाला असलेल्या आपल्या पोरांना. मी तुम्हाला नोकरी सोडा म्हणत नाही. घरी चूल पेटायची असते, मला माहीत आहे. पण तुमच्या वहीत जे लिहिलं जातं ते फक्त कंपनीचं नाही. ज्यानं तुम्हाला झरा दाखवला त्याचंही ते आहे. पाड्यावर जे पाहिलं, ते पाड्याच्या माणसांना तिथेच वाचून दाखवा, त्यांच्या वहीत उतरवून द्या, मग गाडीत बसा. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे. मी तेवढंही केलं नव्हतं.

त्या एकतीस घरांच्या पाड्यावर मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. जुनी वही घेऊन गेलो. म्हातारी आता राहिली नाही. तिच्या नातवाला सगळं वाचून दाखवलं, त्यानं ते ग्रामसभेच्या वहीत उतरवलं. झऱ्यापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, "हे आजीनं सांगितलेलं?" मी म्हणालो, "हो." त्यानं खाली आजीचं नाव लिहिलं.

आत्याच्या पाड्यावर पुढच्या रविवारी वही करायला बसतोय. सकाळी लवकर या. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पेन आणा, ज्यांना येत नाही त्यांनी आपलं डोकं आणा, तेच जास्त लागणार आहे.

आमचा पाडा निरंक नाही! जल, जंगल, जमीन आमची! लढेंगे, जीतेंगे!

– तुमचाच एक सर्वेअर